चौक लिहिणारी कोण, वाचणारी कोण

  ज्या गटांची आज हप्त्याची बैठक आहे, त्यांनी हप्ते गोळा करता करता ऐकलं तरी चालेल. पैसे मोजताना मात्र आवाज बारीक करा, हिशोब चुकायला नको.

आज आम्ही बोलणार आहोत आपण लिहिलेलं कुठे कुठे जातं आणि तिथे ते कोण वाचतं, याबद्दल. तुमच्यापैकी काही जणी लगेच म्हणतील, "आम्ही कुठे लिहितो? आम्हाला सहीपुरतं येतं." पण लग्नघरी सवाशिणी भिंतीवर चौक करतात, त्याला जुन्या बायका काय म्हणतात ते आठवून बघा. चौक काढला म्हणत नाहीत. चौक लिहिला म्हणतात. भिंत शेणाने सारवायची, वर गेरूचा हात द्यायचा, तांदळाचं पीठ पाण्यात कालवायचं, बांबूची काडी दाताने चावून तिचं टोक मऊ करायचं आणि मग चार-पाच जणींनी मिळून लिहायचं. मधे पालघट देवी. भोवती नक्षीच्या ओळी. सूर्य, चंद्र, फणी, शिडी, घोड्यावर नवरा-नवरी. तिकडे धवलेरीचं गाणं चालू असतं.

हे वाचतं कोण? तर घरचेच. वरमाय बघते, फणी राहिली का. जावा बघतात, रेषा कोणाची वाकडी गेली. आमच्या गटातली सगळ्यात मोठी आजी सांगते, "पूर्वी लग्नाला गेलं की चौकाकडे बघून कळायचं हा कोणाचा हात. एकीची माणसं कमरेला बारीक, एकीचा घोडा उंच." म्हणजे खाली नाव लिहायची गरजच नव्हती. वाचणारी प्रत्येक बाई लिहिणारीला ओळखत होती. लग्न झालं, धूर बसला, पावसाळ्यात भिंत ओली झाली, पुढच्या वर्षी परत सारवली. संपला चौक. कोणाला त्याचं दुःख नाही.

मग तो गाव सोडून बाहेर कसा गेला? १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला भास्कर कुलकर्णी नावाचे एक चित्रकार डहाणू तालुक्यातल्या गंजाड गावाकडे आले. तेव्हा आपला ठाणे जिल्हा होता. दिल्लीत हस्तकला मंडळाचं काम पुपुल जयकर बघायच्या, त्यांच्याकडून हे आले होते. बरोबर कागद आणि पांढरा रंग. भिंतीवर लिहिता ते कागदावर लिहा, म्हणजे विकता येईल, असं त्यांचं म्हणणं. बायका बुजल्या. लग्न नाही, देव नाही, धवलेरी नाही, आणि परक्या पुरुषाच्या समोर कागदावर काय लिहायचं? पण तिथल्याच कळंबीपाड्यातले जिव्या सोमा मशे हे लग्नाची वेळ नसतानाही, रोजच्या रोज चित्र काढणारे गृहस्थ. लहानपणी आई गेली, तेव्हा त्यांनी बोलणं सोडलं होतं आणि मातीत रेघोट्या मारून ते सांगायचं ते सांगायचे. त्यांनी कागद घेतला. त्यांनी नुसता चौक नाही लिहिला. तारपा नाच, मासेमारीचं जाळं, मुंग्यांची रांग, भाताची झोडणी, जे डोळ्यांना दिसतं ते सगळं मांडलं.

पुढचं बऱ्याच जणींना तुटक तुटक माहीत असेल. १९७६ मध्ये त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि २०११ मध्ये पद्मश्री. १९८९ मध्ये पॅरिसच्या पाँपिदू केंद्रात जगभरातल्या शंभराहून जास्त कलावंतांचं मोठं प्रदर्शन भरलं, त्यात त्यांची चित्रं होती. २००३ मध्ये जर्मनीत ड्युसेलडॉर्फ शहरात त्यांचं आणि रिचर्ड लाँग या ब्रिटिश कलावंताचं एकत्र प्रदर्शन झालं. हे लाँगसाहेब मैलोन्‌मैल चालतात, वाटेत दगडांच्या ओळी लावतात आणि भिंतीवर हाताने चिखल फासून चित्र करतात. हे ऐकून आमची आजी म्हणाली, "म्हणजे सारवतोच की!" आम्हाला तरी यापेक्षा चांगलं सांगता येणार नाही. मशेदादा २०१८ मध्ये गेले. त्यांची मुलंही चित्रं काढतात.

सगळ्यात नवल आम्हाला जपानचं वाटतं. निगाता प्रांतात तोकामाची म्हणून भाग आहे. तिथे हिवाळ्यात माणसाच्या डोक्यावरून बर्फ साचतं. आपल्याकडे पावसात जसं चार महिने घर धरून बसावं लागतं, तसं तिथे बर्फात. अशा ठिकाणी एका बंद पडलेल्या शाळेत तोकियो हासेगावा यांनी १९८२ मध्ये एक संग्रहालय उभं केलं. नाव ठेवलं मिथिला म्युझियम. मिथिला म्हणजे बिहारचा मधुबनी-दरभंगा भाग. तिथल्या बायकांची चित्रं आणि आपली वारली चित्रं तिथे एकाच छपराखाली आहेत. आपल्या भागातले चित्रकार तिथे जाऊन राहिले, बर्फ बघत बघत त्यांनी भातलावणी काढली. ज्या शाळेत जपानी पोरं पाढे म्हणत होती तिथे आज डहाणूची माणसं तारपा धरून गोल नाचतायत. मिथिलेचं नाव लक्षात ठेवा, ते पुढे परत येणार आहे.

आता आमच्या गटाचं सांगतो. आम्ही अकरा जणी. आठ वारली, दोन कुणबी, एक तारापूरच्या बाजूची मांगेला ताई. पाडे सगळे बोईसरच्या पूर्वेला, सूर्या नदीच्या अंगाला. सुरुवात पापड-लोणच्यापासून केली, मग पिशव्यांवर आणि कापडावर वारली चित्रं करायला लागलो. गटाची हिशोबाची वही असतेच: किती नग, किती रुपये, कोणाची किती मजुरी. पण मुंबईला महालक्ष्मी सरसमध्ये स्टॉल लावला तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. लोक पैसे देतात त्याआधी काहीतरी विचारतात. आणि त्यांनी विचारलेलं आम्ही स्टॉलवरच सोडून घरी येतो. ज्या बाईने चित्र केलं ती पाड्यावर भात कापत असते, तिला काहीच कळत नाही.

म्हणून आम्ही दुसरी वही घातली. शंभर पानी, साधी. त्यात लिहायचं: चित्र कोणतं, लिहिलं कोणी, घेतलं कोणी, जाणार कुठे, आणि शेवटी, घेणाऱ्याने काय विचारलं. ही शेवटची जागा आम्ही सगळ्यात रुंद ठेवली. गटातल्या शिकलेल्या पोरी भरतात आणि बैठकीत मोठ्याने वाचतात. हप्त्याला उशीर करणाऱ्या बायका हल्ली वेळेवर येतात, कारण वही सुरुवातीलाच वाचतो.

यातल्या काही नोंदी सांगण्यासारख्या आहेत. तारापूरच्या वसाहतीतल्या एका बाईंनी मासेमारीचं चित्र घेतलं, अमेरिकेत न्यू जर्सीला बहिणीकडे पाठवायला. महिन्याने त्या परत आल्या आणि म्हणाल्या, "बहीण विचारते, जाळ्यात एक मासा उलटा का?" हे ज्या मांगेला ताईने लिहिलं होतं, ती वही वाचल्यावर इतकी हसली! म्हणाली, "सांगा तिला, तो सुटलाय." एका जर्मन पाहुण्याने विचारलं की सगळी माणसं दोन त्रिकोणांचीच का, जाड माणूस कसा काढता? यावर अर्धा तास चर्चा झाली. शेवटी ठरलं की वाण्याला मोठं पागोटं दाखवलं की जाड म्हणून कळतं. पुण्याच्या कॉलेजातल्या एका मुलीने भातलावणीच्या चित्राकडे बराच वेळ बघून विचारलं, "ही एकटी बाई बांधावर का बसलीय?" ते चित्र काढणाऱ्या वहिनीने उत्तर दिलं नाही. दोन बैठका झाल्यावर म्हणाली, "त्या वर्षी माझं तिसरं गेलं होतं. लावणीला उभं राहवत नव्हतं." आम्ही शेजारी राहतो, एकमेकींच्या घरचं मीठमिरची माहीत आहे, तरी ती बांधावरची बाई आम्हाला दिसली नव्हती. पुण्याच्या पोरीला दिसली.

आता मिथिला. बोईसरला औद्योगिक वसाहतीमुळे देशभरातली माणसं राहतात, तुम्हाला माहीतच आहे. आमच्या एका ताईच्या शेजारच्या चाळीत दरभंग्याची एक वहिनी भाड्याने राहते. नवरा कारखान्यात, ती घरी कपड्यांना बटणं लावायचं काम करते. एकदा ती ताईकडे काहीतरी मागायला आली आणि वाळत घातलेल्या कापडावर तिची नजर गेली. तिथेच बसली. म्हणाली, "हे तर आमचं कोहबर!" कोहबर म्हणजे त्यांच्याकडे नव्या जोडप्याची खोली. तिच्या भिंतीवर लग्नाआधी घरच्या बायका चित्र लिहितात. हो, त्यासुद्धा लिहितात असंच म्हणतात. मधे कमळ आणि बांबू, भोवती मासे, पोपट, कासव, वर सूर्य-चंद्र. तांदूळ वाटून केलेल्या पिठाला त्या पिठार म्हणतात, त्याने जमिनीवर अरिपन काढतात. आमच्या चौकातला सूर्य कुठे, चंद्र कुठे हे तिला सांगावं लागलं नाही. तिने बोट ठेवून दाखवलं. शिडीचा अर्थ मात्र विचारला, तो तिच्याकडे नाही.

आम्ही वहीत जर्मनी, अमेरिका लिहीत होतो. खरी वाचणारी स्टेशनच्या त्या बाजूला दहा बाय दहाच्या खोलीत चार वर्षं राहत होती.

आणि गंमत बघा, दोन्हीकडे कागद घेऊन जाणारा माणूसही एकच. भास्कर कुलकर्णी आपल्याकडे यायच्या आधी बिहारमध्ये गेले होते. १९६६-६७ मध्ये तिथे मोठा दुष्काळ पडला, तेव्हा मधुबनीच्या बायकांनी भिंतीवरचं कागदावर आणावं, चार पैसे मिळावेत, म्हणून पुपुल जयकरांनी त्यांनाच पाठवलं होतं. तिथे कागद बायकांनी घेतला. म्हणून जगदंबादेवींना १९७५ मध्ये पद्मश्री मिळाली, सीतादेवींना १९८१ मध्ये, गंगादेवींना १९८४ मध्ये. ज्या वर्षी मशेदादांना मिळाली त्याच वर्षी, २०११ ला, महासुंदरीदेवींना मिळाली. पॅरिसच्या त्या प्रदर्शनात मिथिलेकडून बौआदेवी होत्या, स्वतःच्या नावाने. आपल्याकडून होते मशेदादा.

हे आम्ही दादांना कमी लेखायला सांगत नाही. त्यांनी रस्ता पाडला म्हणून आमच्या पिशव्या विकल्या जातात, आणि त्यांनी लिहिलं ते त्यांच्या स्वतःच्या नजरेचं होतं, चौकाची नक्कल नव्हे. पण मुळात चौक सवाशिणींचा, आणि पन्नास वर्षं होऊन गेली तरी जगाला माहीत असलेलं पहिलं नाव एका पुरुषाचं, ही गोष्ट आमच्या मनातून जात नाही. त्या वेळी बुजलेल्या बायकांची नावं काय होती? कोणाचा घोडा उंच होता? भिंतीवर होतं तोवर नाव नसून चाललं, कारण वाचणारी घरची होती. जपानमधल्या माणसाला आजीचा हात कसा ओळखू येणार?

हा प्रश्न आमच्यापुढे पैशाच्या रूपात आला. दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या आधी एका कंपनीचे साहेब आले. भेट म्हणून द्यायला त्यांना दोनशे डायऱ्या हव्या होत्या, हाताने केलेल्या कव्हरच्या. चित्र पालघटीचं, चौकासकट. हिशोब केला, सामान जाऊन गटाला अठ्ठावीस हजार उरत होते. एकीच्या मुलीची वसतिगृहाची फी थकली होती, एकीच्या घरावर पत्रे घालायचे होते. हो म्हणायला सगळ्या तयार होत्या. आजी म्हणाली, "पालघट विकायची नाही. ती लग्नात येते आणि जाते." तरुण पोरी म्हणाल्या, "लक्ष्मीची कॅलेंडरं विकतातच की." आजी म्हणाली, "आणि वर्ष संपलं की ती कॅलेंडरं कुठे जातात?" याला कोणाकडे उत्तर नव्हतं, कारण कपाटातल्या कागदाखाली काय अंथरलेलं असतं ते सगळ्यांना ठाऊक आहे.

मग आम्ही साहेबांना कळवलं: पालघट नाही, तारपा नाच करून देतो, आणि प्रत्येक डायरीच्या आत जिने लिहिलं तिचं नाव आणि पाडा येईल. नाच त्यांना चालला असता. नाव चालेना. आत कंपनीचा मजकूर छापायचाय, जागा नाही, म्हणाले. दोन बोटांची जागा मागत होतो. बोलणं तिथेच थांबलं. पुढे दिवाळीत बोईसरच्या एका दुकानदाराकडे तशीच डायरी दिसली, छापील चित्राची. दोन त्रिकोणांची माणसं रांगेत उभी, हातात तारपा उलटा धरलेला.

पत्रे त्या वर्षी झाले नाहीत. फीसाठी गटातून कर्ज काढलं. आमच्यातल्या दोघी अजून म्हणतात की ऑर्डर घ्यायला हवी होती, नाव पुढच्या वेळी बघता आलं असतं. त्यांचं म्हणणं खोटं आहे असं आम्ही म्हणत नाही, पत्रे नसलेल्या घरात पावसाळा त्यांनी काढला, आम्ही नाही. पण ठराव केला तो अजून मोडलेला नाही. पालघट भिंतीवरच. बाकी जे विकू त्याच्या मागे नाव, पाडा, तालुका.

ज्या गटांना हे काम करायचं आहे त्यांच्यासाठी कामाची गोष्ट. वारली चित्रकलेला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे, ज्याला जीआय म्हणतात. त्यासाठी डहाणूच्या आदिवासी युवा सेवा संघाने अर्ज केला होता. मानांकन मिळालं म्हणजे आपोआप सगळ्यांचं काम झालं असं नाही. चित्र करणाऱ्या बाईने अधिकृत वापरकर्ता म्हणून स्वतःची नोंद करून घ्यावी लागते, तेव्हा ती मालावर ते चिन्ह लावू शकते. नोंदीत बाईचं स्वतःचं नाव घाला, नवऱ्याचं किंवा मुलाचं नाही, आणि आधारवर जसं आहे तसंच घाला. ग्रामसंघाच्या बैठकीत विषय काढा, एकटीने फिरण्यापेक्षा पाच-सहा जणींनी एकदम कागद केले तर सोपं जातं. आणि मानांकन तुमचं चित्र कोणी चोरणार नाही याची पहारेदारी करत नाही, तेही लक्षात असू द्या. म्हणून चित्र दिल्यावर फोटो काढून ठेवायचा, मागच्या नावासकट. वही तर हवीच. वहीला काही खर्च नाही.

मागे नाव घालायला लागल्यापासून वहीत थोडा फरक पडलाय. पूर्वी लोक विचारायचे, "हे काय आहे?" आता विचारतात, "या ताई इथे आहेत का?" सरसच्या मागच्या खेपेला एका बाईंनी चित्र उलटून नाव वाचलं आणि फोनवरून बोलायला मागितलं. आम्ही लावून दिला. पलीकडे आमची वहिनी शेळ्या बांधत होती. काय बोलावं दोघींनाही सुचेना. शेवटी शेळी ओरडली आणि दोघी हसल्या. घेणारीने काय विचारलं, या जागी पोरीने लिहिलंय: शेळी कितीची.

आजीचं नाव मात्र अजून कुठल्याच कागदामागे नाही, कारण ती कागदावर लिहीतच नाही. येत्या माघात तिच्या नातवाचं लग्न आहे. चौक लिहायला चौघी ठरल्यात. दरभंग्याच्या वहिनीने विचारलं, मी येऊ का? पीठ वाटून आणते म्हणाली. आजीने निरोप पाठवलाय, तांदूळ घरचेच, वाटायचे घरीच, आणि लिहायचं फक्त आमच्या बायांनी. समोर बसून वाचायचं असेल तर खुशाल ये, सकाळीच ये.